दुपारी साडेतीनला अंगातलं त्राणच जातं, तुम्ही काय करता?

चौथीच्या_बाई

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. राहायला बेळगावात, शहापूरला. पहाटे पाचला उठायचं, पाण्याचा दिवस असला तर त्याच्याही आधी. दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं जेवण, मग साडेआठची बस. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही वर्ग माझ्याकडेच. दुपारच्या जेवणापर्यंत मी छान असते. तीन-साडेतीनला मात्र कुणीतरी बूच काढावं तसं होतं. फळ्यावर भागाकार मांडताना हात जड होतो. मुलांनी तेच परत विचारलं की आवाज चढतो. गेल्या आठवड्यात एका पोरीवर ओरडले. ती बिचारी पेन्सिलीला टोक करायला उठली होती. त्या संध्याकाळी बसमध्ये मला रडू आलं, म्हणून आज विचारतेय.

घरी पोचायला पावणेसहा होतात आणि तिथून दुसरा दिवस सुरू होतो. दिवसात चार चहा होतात, शेवटचा खानापूर स्टँडवर पाच वाजता. रात्री अंग आंबलेलं असतं, तरी साडेअकरा-बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

पहाटे आणखी लवकर उठून व्यायाम करा, हे सांगू नका. दिवसाच्या मधोमध, पाच-दहा मिनिटांत, पैसे न घालता जमेल असं काही हवंय. शाळेत आडवं व्हायला जागा नाही. तुम्ही काय करता आणि त्याने खरोखर फरक पडतो का, तेवढं सांगा.

कॅम्पातली

वाचतेय. मी बँकेत आहे, माझाही साडेतीनचाच घोळ. कुणी चांगलं सांगितलं तर मलाही हवंय.

पिंपळकट्टा

बाई, सगळ्यात आधी तो पाचचा चहा.

मी फार्मसीच्या मुलांना शिकवतो, तेव्हा थोडं वर्गातलं सांगतो. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितकं साठेल तितकी झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्या द्रव्याची बसायची जागा अडवून धरतं. थकवा तिथेच असतो, आपल्याला कळेनासा होतो एवढंच. कॅफीन उतरलं की साठलेलं सगळं एकदम अंगावर येतं. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही तुमच्या अंगात फिरत असतं. मग झोप बाराला येते, पहाटे पाचला उठायचं, आणि उरलेली झोप दुपारी साडेतीनला वसूल होते.

चहा सोडा म्हणत नाही. बेळगावच्या पावसात ते कुणाला जमायचंही नाही. दोन कप ठेवा, दुसरा दुपारी दोनच्या आत.

सुभेदार

तेवीस वर्षं फौजेत होतो. आता रेजिमेंटल सेंटरच्या जवळच घर आहे, रोज सकाळी पोरांची कवायत ऐकत चहा घेतो.

फौजेत पहिल्यांदा शिकतो ते हे, की झोप मिळेल तेव्हा घ्यायची, येईल तेव्हा नाही. ट्रकच्या फळीवर, पाठीवरच्या पिशवीला, म्हणजे पिट्टूला टेकून, कुठेही. पद्धत सोपी आहे. बुटाच्या नाड्या सैल, कमरेचा पट्टा सैल, टोपी डोळ्यावर, हात मांडीवर. दहा मिनिटांचा गजर. झोप लागलीच पाहिजे असं नाही. डोळे मिटून अंग सोडलं तरी काम होतं. नवीन पोरं म्हणायची, साहेब, झोप लागत नाही. मी सांगायचो, लागू नको दे, नुसता पडून राहा. चार दिवसांनी त्यांना उठवावं लागायचं.

वीस मिनिटांच्या वर मात्र जायचं नाही. झोप खोल गेली आणि मधेच उठलात तर अर्धा तास डोकं जड राहतं. बाई, तुम्हाला आडवं व्हायची गरजच नाही, खुर्ची पुरे.

कॅम्पातली

सुभेदार काका, बँकेच्या काउंटरवर टोपी डोळ्यावर घेतली तर गिऱ्हाईक पासबुक माझ्या डोक्यावरच ठेवून जाईल :)

सुभेदार

काउंटरवर नको बेटी. जेवणाच्या सुट्टीत डबा वीस मिनिटांत संपतो ना? उरलेली दहा मिनिटं मोबाईलला देता का स्वतःला, एवढंच बघ.

धोटा

तुमचं सगळं बरोबर हाय, पण हे बसून काम करणाऱ्यांचं झालं. मी वडगावात मागावर हाय. चार पॉवरलूम एकट्याला बघायचे. इकडं तार तुटली की तिकडं सुताची कांडी संपते. दहा मिनिटं डोळे मिटून बसलो तर साडी खराब आणि मालक दारात. डुलकी कसली घेऊलालाय?

मी काय करूलालोय ते सांगतो. आमच्यात हातापायांच्या आधी कान दमतात. मागाचा आवाज दिवसभर डोक्यात घण घालतो. पहिल्या सात-आठ वर्षांत मला वाटायचं, खाणं कमी पडतंय. मग एकदा लाईट गेली. सगळी गल्ली एकदम गप्प. त्या दहा मिनिटांत मला इतकं हलकं वाटलं, की मी म्हटलं, अरे, हे तर कान मागूलाले होते! तेव्हापासून कानात कापूस असतो. आणि दुपारी शेजारच्याला माझे माग पाच मिनिटं बघायला लावून मागच्या परड्यात विहिरीजवळ जाऊन उभा राहतो. काही करत नाही. बोलत नाही. परत येऊन त्याचे माग बघतो, तो जातो.

बाई, तुमचं काय दमतंय ते आधी बघा की. दोन वर्गांची पोरं म्हणजे आवाज कमी नसणार.

चौथीच्या_बाई

धोटा दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला आजवर सगळं अंगच दमतं असं वाटायचं. खरं म्हणजे घसा आणि कान दमतात. पाय तितके नाहीत.

रात्रपाळी

उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी. तुमचा दुपारचा साडेतीन आणि आमचा पहाटेचा साडेतीन सख्खे भाऊ आहेत. शरीराचं घड्याळ चोवीस तासांत दोनदा खाली जातं. मोठी घसरण पहाटे आणि छोटी दुपारी. दुपारची जेवणामुळे येते असं सगळे म्हणतात. जेवणाने ती वाढते, पण उपाशी राहिलात तरी थोडी येतेच. तेव्हा स्वतःला आळशी समजू नका.

पहाटे मी तीन गोष्टी करतो. मनगटावर आणि मानेवर गार पाणी. शेडच्या बाहेर येऊन दोन फेऱ्या. आणि मोजमापाचं बारीक काम त्या तासात अंगावर घेत नाही. हत्यारं पुसणं, रॅक लावणं, नोंदी करणं तेव्हा उरकतो. बाई, भागाकार साडेतीनला का ठेवता? तो सकाळी घ्या. साडेतीनला चित्रकला, गोष्ट, पाढे म्हणायला लावा. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडावी तसं.

आणखी एक सांगतो, जपून राहा म्हणून. सहा वर्षांपूर्वी रात्रपाळी सुटल्यावर मच्छेकडे जाताना गाडीवर माझा डोळा लागला. शुद्धीवर आलो ते रस्त्याकडेच्या चरात. हात मोडला, त्यावरच निभावलं. तेव्हापासून पाळी सुटली की आधी बाकावर वीस मिनिटं झोपतो आणि मगच गाडीला किल्ली लावतो. घरी उशीर झाला तर चालेल.

पिंपळकट्टा

रात्रपाळी, उतारावर न्यूट्रल करू नका हो, चोर्ल्याच्या घाटात ब्रेक तापतील :) बाकी वेळापत्रक फिरवायची कल्पना एक नंबर. या धाग्यातली सर्वांत कामाची वाटते.

सुभेदार

बरोबर आहे. आणि त्या बाकावरच्या वीस मिनिटांसाठी तुला सॅल्यूट.

टिळकवाडीकर

दुपारची झोप वाईट असं लहानपणापासून ऐकतोय. आजोबा कुणाला आडवं होऊ द्यायचे नाहीत. कफ वाढतो म्हणायचे. आयुर्वेदात दिवसा झोपायला मनाई आहे ना?

वैद्य_खडेबाजार

मनाई आहे आणि सूटही आहे. लोकांनी मनाई पाठ केली, सूट विसरले.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोपेचा विचार आहे. उन्हाळ्यात रात्र लहान असते आणि अंग कोरडं पडतं, म्हणून त्या ऋतूत दिवसा झोपायला हरकत नाही. इतर ऋतूंत दिवसाच्या झोपेने कफ-पित्त वाढतं, हे तुमच्या आजोबांचं म्हणणं बरोबर. पण त्याच अध्यायात कुणाला बाराही महिने सूट आहे त्याची यादी दिली आहे. म्हातारे, मुलं, अशक्त तर आहेतच. शिवाय अध्ययनाने, कामाने, ओझं वाहून आणि वाट चालून थकलेले. बाई, अध्ययन आणि प्रवास ही दोन्ही कारणं तुमच्याकडे आहेत. तेव्हा खुशाल डोळे मिटा.

अष्टांगहृदय असंही सांगतं, की बसल्या बसल्या घेतलेली डुलकी अंगाला कोरडं करत नाही आणि जडही करत नाही. सुभेदारांची खुर्ची शास्त्राला धरूनच आहे.

जेवल्यावर घरी असाल तर शतपावली आणि मग डाव्या कुशीवर थोडा वेळ, ती वामकुक्षी. दोन तास पंखा लावून घोरणं म्हणजे वामकुक्षी नव्हे.

टिळकवाडीकर

हे आजोबांना सांगायला हवं होतं. धन्यवाद वैद्यराज.

निपाणीकर

मी खाण्याचं सांगतो. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत चारच्या सुमारास सगळे पेंगायचे. वडील खिशातून गूळ आणि शेंगदाणे काढून मूठ-मूठ वाटायचे. दहा मिनिटांत माणसं हलायला लागायची. मी अजून तेच करतो. बिस्किट आणि चहापेक्षा शंभरपट बरं.

कॅम्पातली

मी साडेतीनला कुंदा खाते. एक चमचा. झकास वाटतं.

पिंपळकट्टा

कुंद्याच्या विरुद्ध बोलून मला बेळगावात राहायचंय, तरी बोलतो. नुसती साखर पोटात गेली की रक्तातली साखर भराभर चढते आणि तशीच उतरते. तासाभरात आधीपेक्षा जास्त गळाल्यासारखं वाटू शकतं. निपाणीकरांच्या मुठीत शेंगदाणे आहेत, त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश गुळाचा वेग धरून ठेवतात. म्हणून ते पुरतं. कुंदा सणाला आणि पाहुण्याला.

कॅम्पातली

कुंद्यात खवा असतो, म्हणजे दूध, म्हणजे प्रथिनं. मी ऐकणार नाही.

निपाणीकर

ताई, वरून चार शेंगदाणे खा, भांडण मिटलं.

शिवार

येळ्ळूरला भातशेती आहे. मोबाईल मुलाचा, लिहितेय मी.

रोपलावणीत आठ-आठ तास वाकायचं असतं. सासू पहिल्या वर्षी म्हणाली, ओळ संपली की सरळ व्हायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, मान मागं टाकून आभाळ बघायचं, मगच दुसरी ओळ. मला वाटायचं, वेळ जातो. मी तशीच सरसर लावत गेले आणि तिसऱ्या दिवशी उठता येईना. सासू साठीची, तिची कंबर धड. तेव्हा कळलं, दमल्यावर थांबायचं नसतं, दमायच्या आधी थांबायचं असतं. बाई, तुम्ही साडेतीनला उपाय शोधताय. अकराला आणि एकला थोडं थोडं थांबलात तर साडेतीन इतका वाईट येणार नाही.

आणि दुपारी आम्ही आंबील पितो. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, ठेचलेली लसूण. पोट गच्च होत नाही आणि डोळ्यावर झापड येत नाही. भाताच्या ढिगावर मात्र झोप येते. भात आम्ही पिकवतो, तरी दुपारी कमीच खातो.

पिंपळकट्टा

'दमायच्या आधी थांबायचं.' हे मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे, ताई.

टिळकवाडीकर

अवांतर: माझी विश्रांतीची जागा म्हणजे दुसरं रेल्वे गेट. आधी गेट पडलं की जीव घाईला यायचा. आता इंजिन बंद करतो, हँडल सोडतो, खांदे खाली, आणि दहा श्वास मोजतो. आत घेताना चारपर्यंत, सोडताना सहापर्यंत. गाडी जाईस्तोवर खरंच ताजं वाटतं.

रात्रपाळी

दुसऱ्या गेटवर दहा श्वास? मालगाडी आली तर शंभर होतील.

कॅम्पातली

गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंनी सगळे एकदम घुसतात, तेव्हा घेतलेले दहाही श्वास जातात.

टिळकवाडीकर

म्हणून मी अर्धा मिनिट आणखी थांबतो. पुढच्यांना जाऊ देतो. :)

वैद्य_खडेबाजार

श्वास सोडायला जास्त वेळ लावला की नाडी शांत होते, तेव्हा गेट असो वा नसो, करत राहा. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली केलंत तर दुधात साखर.

नर्स_ताई

धागा उशिरा बघितला. बाई, सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, पण मला आधी काही विचारायचंय. जिना चढताना धाप लागते का? केस गळतात का? पाळीत रक्त जास्त जातं का? कुणी म्हणालं का, की तुम्ही पांढऱ्या पडलात? आणि पाणी किती पिता?

चौथीच्या_बाई

ताई, तुम्ही मला कुठून बघितलंत? धाप लागते. केस गळतात. पाळी सहा-सात दिवस असते. पाण्याचं खरं सांगू का, शाळेत मी अर्धी बाटलीसुद्धा संपवत नाही. स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही आणि येताजाता बसमध्ये दीड तास जातो. आम्ही सगळ्याच शिक्षिका असंच करतो.

नर्स_ताई

मग ऐका. हे रागावून नाही, काळजीने सांगतेय.

उद्या नाही तर परवा रक्त तपासा. हिमोग्लोबिन आधी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. बाईमाणसाचं १२ ग्रॅमच्या खाली असलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ८ च्या खाली गेलं तर गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. आपण त्याला 'कामाचा ताण' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतो. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा हमालच कमी असेल, तर डुलकी घ्या की श्वास मोजा, गाडा ओढला जाणार नाही. डॉक्टरांना थायरॉईड, साखर आणि बी-१२ बद्दलही विचारा. थकव्यामागे तीही असतात.

चहा जेवणाला लागून घेऊ नका. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासभर अंतर ठेवा. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. शिवारताईंची आंबील चालू करा, नाचणीत लोहही आहे आणि १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण रक्त फार कमी असेल तर नुसत्या आंबिलीने भरून येत नाही. गोळ्या लागतात, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि पाणी. तहान मारून मारून डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, लघवीची जळजळ मागे लागते. स्वच्छतागृहाचं तुम्ही सगळ्या शिक्षिकांनी मिळून लेखी मागा. एकटीने नको, सगळ्यांनी.

धोटा

नर्सताई, हे आमच्या मंडळीला वाचून दाखवूलालोय आत्ताच. ती कांड्या भरते, तिलाही हाच त्रास.

मलप्रभा

मला 'काय करावं' यापेक्षा दुसरंच सांगायचंय.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. मजुरी हजारामागे. वळलेल्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडायच्या, त्यांचे पैसे नाहीत, म्हणून ती हजारावर आणखी पन्नास-साठ वळायची. मी शाळेतून आले की ती सूप न सोडताच म्हणायची, जेवलीस का. आईला दिवसा आडवं झालेलं मी एकदाच पाहिलं, तापाने फणफणली होती तेव्हा. आणि तेव्हाही शेजारीण आल्यावर ती धडपडून उठून बसली. बाईमाणूस दिवसाउजेडी पडलेलं दिसू नये, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

मी आता क्लार्क आहे, खुर्चीवर बसते, पंखा आहे. तरी घरी आल्यावर दहा मिनिटं पाठ टेकली आणि दाराची कडी वाजली की माझंही अंग आपोआप उठतं. बाई, तुम्ही लिहिलंत की घरी पोचल्यावर दुसरा दिवस सुरू होतो. वरचे सगळे उपाय तुम्ही एकट्याने करायचे आहेत. पण धोटा दादांचं बघा. त्यांना पाच मिनिटं मिळतात कारण शेजारचा त्यांचे माग बघतो. तुमचे माग कोण बघतं?

मी दोन वर्षांपूर्वी घरात एकच गोष्ट सांगितली. सहा ते सव्वासहा मी नाही. मागच्या खोलीत असते, दार लावून. चहा ज्याला हवा त्याने करायचा. पहिले आठ दिवस दर तीन मिनिटांनी हाक. मी ओ दिली नाही. आता मुलगा स्वतः दुधाचं पातेलं ठेवतो. त्या पंधरा मिनिटांनी माझी संध्याकाळ मला परत मिळाली.

कॅम्पातली

मलप्रभाताई, डोळे भरून आले. 'तुमचे माग कोण बघतं' हे मी आज रात्री घरात विचारणार.

धोटा

माझं उदाहरण असं कुठवर जाईल वाटलं नव्हतं. पण मीसुद्धा आता विचारात पडलोय. माझे माग शेजारचा बघतो, पण घरात हिच्या कांड्या कोण भरतंय?

सुभेदार

पोस्टवर जवान झोपला तर गुन्हा. पण त्याच्या जागी दुसरा उभा केला असेल तर ती विश्रांती. फरक तेवढाच आहे. घरातही बदली लावली पाहिजे.

टिळकवाडीकर

पूर्ण सहमत. पण ज्यांच्या घरात दुसरं कुणीच नाही त्यांनी काय करायचं? माझी बहीण एकटी आहे, लहान मूल आहे.

मलप्रभा

तिच्यासाठी माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तुम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन मूल सांभाळलंत तर मात्र तिला ते नक्की लागेल.

टिळकवाडीकर

गुरुवारी जातो.

चौथीच्या_बाई

(तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, म्हणून धागा वर काढतेय.

हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पाळीसाठी पुढची तपासणी सांगितली आहे. नर्सताई, तुम्ही विचारलं नसतंत तर मी अजून बूच शोधत बसले असते.

गोळ्यांनी लगेच काही होत नाही, डॉक्टर म्हणाले महिने लागतील. तोवर बाकीचं चालू केलंय. पाचचा चहा बंद. पहिला आठवडा डोकं दुखलं, आता अकराच्या आत झोप लागते. भागाकार सकाळी आणला. साडेतीनला मुलं आळीपाळीने गोष्ट वाचतात आणि मी गप्प बसते, घसा आणि कान दोन्हींना सुट्टी. जिच्यावर ओरडले होते ती पोर सगळ्यात छान वाचते. तिला मी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं.

बसमध्ये जागा मिळणं कठीण. २०२३ ला शक्ती योजना आल्यापासून बायकांना तिकीट नाही, त्याचा आनंदच आहे, पण खानापूरहून उभंच यावं लागायचं. म्हणून आता पाचची गाडी सोडते आणि स्टँडवरूनच सुटणारी पुढची धरते. वीस मिनिटं उशीर होतो, पण खिडकी मिळते. पर्स मांडीवर, चपला सैल, मोबाईल आत. प्रभुनगर येईपर्यंत डोळा लागलेला असतो, उद्यमबागेच्या गर्दीत जाग येते. सुभेदार काका, चार दिवसांनी लागेल म्हणालात, मला सहा लागले.

शाळेतल्या आम्ही सगळ्याजणींनी सह्या करून अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही. आठवड्याने परत जाणार आहोत.

घरचं सांगते. मलप्रभाताई, सहाची पंधरा मिनिटं मी अजून मागितली नव्हती, धीर होत नव्हता. पण हिमोग्लोबिनचा कागद सासूबाईंनी वाचला. परवा मी आले तेव्हा त्यांनीच कूकर लावलेला होता आणि म्हणाल्या, जा, जरा पड. मी पडले. पहिल्यांदा कडी वाजली तेव्हा उठले नाही.

मलप्रभा

माझ्या आईला हे वाचून दाखवते आज.

सुभेदार

शाब्बास बाई. सहा दिवस म्हणजे चांगलाच वेळ आहे, आमच्यात काहींना पंधरा लागायचे.

नर्स_ताई

गोळीने शौचाला काळं होतं, घाबरून बंद करू नका. चहा-दुधाबरोबर घेऊ नका. पोटात मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलून देतील. आणि सांगतील तेव्हा रक्त परत तपासा, मधेच सोडू नका.

चौथीच्या_बाई

हो ताई. शिवारताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्यासारखी आंबील दोनदा केली. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा डब्यात नेली तर दुपारपर्यंत फार आंबट झाली. पावसाळ्यात काय करता?

शिवार

पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात हळूहळू सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा, गुठळी होत नाही. ताक घरून घालून नेऊ नका. शिजवलेली नाचणी वेगळी, ताक वेगळ्या बाटलीत, आणि शाळेत खायच्या वेळी कालवा. लसणीला विसरू नका.